नेम त्याचा, मटण माझं

माझा नवरा अंडंसुद्धा खात नाही. केकमध्ये असलेलं चालतं, डोळ्यांना दिसलेलं चालत नाही, असं त्याचं लग्नापासूनचं धोरण आहे. त्यामुळे एका शनिवारी तो घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आज मी मूस मारला," तेव्हा मी गवार परतत होते ती परततच राहिले. मला वाटलं, ऑफिसातल्या कुणाचा तरी कॉम्प्युटर गेम असेल.

"कुठे मारलास?" मी विचारलं.

"जंगलात. क्रॉसबोने. फोमचा होता."

तो एडिनबरामधल्या एका बँकेच्या आयटीमध्ये आहे. मी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. मुलगी मँचेस्टरला शिकायला गेली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि वीकेण्ड आले की आम्ही दोघं घरात एकमेकांना ओलांडत हिंडायचो. त्यात त्याचा उजवा खांदा आखडलेला. फिजिओ चालू होती, पण हात वर जात नव्हता. शर्ट घालताना तो आधी उजवी बाही चढवायचा आणि मग उरलेल्या शर्टाशी झटापट करायचा.

त्या दिवशी त्यांच्या टीमला धनुष्यबाण शिकायला नेलं होतं. फोर्थच्या खाडीवरचा पूल ओलांडून पुढे तासाभरावर एका खाजगी जंगलात एक क्लब आहे. सगळे धनुष्य ओढत होते आणि हा फ्लास्क घेऊन बाकावर बसला होता. क्लब चालवणाऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि आतून क्रॉसबो आणून त्याच्या मांडीवर ठेवला. बंदुकीसारखा खांद्याला टेकवायचा. दोरी आधीच ताणून अडकवलेली असते, वर आखूड बाण ठेवलेला असतो. हात वर करावा लागत नाही. नेम धरायचा आणि चाप दाबायचा. त्याने दाबला आणि बाण ओढ्यापलीकडच्या मूसच्या बरगडीत बसला.

"पुढच्या शनिवारी तू येशील का?" त्याने जेवताना विचारलं.

"मी कशाला?"

"दोरी ताणायला जोर लागतो. मला खांद्यामुळे जमत नाही. प्रत्येक वेळी त्या बाईंना कसं सांगणार?"

अशी मी नोकरीला लागले. क्रॉसबोच्या पुढच्या टोकाला रिकिबीसारखी कडी असते. तीत पाय घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरायचा, वाकून दोन्ही हातांनी दोरी वर खेचायची, की ती टक्‌ करून अडकते. ऑपरेशन थिएटरमध्ये बेशुद्ध माणसं इकडून तिकडे सरकवून माझे दंड तयार होते. मी दोरी ताणायचे, तो नेम धरायचा, मग आम्ही दोघं चिखलातून चालत जाऊन फोममध्ये रुतलेला बाण उपटायचो. तोही मलाच उपटावा लागायचा.

जंगलातून एक पायवाट फिरत जाते आणि वाटेवर ठिकठिकाणी फोमची जनावरं उभी आहेत. अस्वल, रानडुक्कर, लांडगा, एल्क, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यापलीकडे तो मूस, हरणांच्या कुळातला सगळ्यात थोराड. आपल्या बैलाहून उंच. त्याचं एक शिंग मोडलेलं होतं आणि करड्या टेपने बांधलं होतं. पाठीवर शेवाळ आलं होतं. प्रत्येक जनावराच्या कुशीत, पुढच्या पायाच्या जरा मागे, दोन वर्तुळं कोरलेली असतात. तिथे हृदय आणि फुप्फुसं. तिथे लागलं तर पूर्ण गुण.

"मूस आणि एल्क वेगळे का?" नवऱ्याने बाईंना विचारलं होतं. त्याला असल्या गोष्टींत रस.

"युरोपात मूसलाच एल्क म्हणतात," त्या म्हणाल्या. "अमेरिकेत एल्क म्हणजे दुसरंच जनावर. हे फोमचे अमेरिकेतून आलेत, म्हणून आमच्याकडे दोन्ही आहेत. खरे म्हणशील तर या देशाच्या रानात दोन्ही नाहीत."

त्या बाई साठी उलटलेल्या. उंच, सडसडीत, गालांवर वाऱ्याने उमटलेल्या बारीक लाल रेषा. बोलणं कमी. आम्हाला बरेच दिवस वाटत होतं की त्या पूर्वी शाळेत पीटी शिकवत असतील. मग एकदा क्लबात एक नवा तरुण आला आणि चहा पिताना त्याने सहज विचारलं, की हा क्रॉसबो घेऊन खरी हरणं मारायला कुठे जाता येईल.

"या देशात कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "कायद्याने बंदी आहे. बाणाने जनावर जखमी होऊन पळतं आणि दोन दिवस मरत राहतं. तू तसं केलेलं मला कळलं, तर पोलिसांना पहिला फोन माझा जाईल."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. तो तरुण पुन्हा आला नाही.

तो गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "बाण दोन दिवस मारतो, हे तुम्हाला कसं माहीत?"

तेव्हा कळलं, की त्या आयुष्यभर स्टॉकर होत्या. म्हणजे वर हायलँड्समध्ये एका मोठ्या इस्टेटीवर हरणांचा माग काढून शिकार करवणं हे त्यांचं काम. आता रिटायर झाल्या होत्या, पण थंडीत काही आठवडे माद्या कमी करायला अजून जायच्या. रायफलने. लांडगे संपले त्याला काही शतकं झाली, त्यामुळे हरणांना मारणारं कुणी उरलं नाही. ती वाढतात, नवी झाडं शेंड्यापासून खातात, आणि थंडी लांबली की उपाशी मरतात. हे त्यांनी बशीतलं बिस्किट मोडत सांगितलं.

परतताना गाडी पुलावर आल्यावर नवरा म्हणाला, "मला एकदा बघायचंय."

"काय? हरीण मारताना?"

"हो. आपण इतके महिने त्या वर्तुळांवर नेम धरतोय. ती वर्तुळं कशाची आहेत ते बघायला हवं."

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. "बाबा, सीरियसली? तू तर स्पायडरला पण ग्लासमध्ये घालून गार्डनमध्ये सोडतो. ती डियर मेला तर तू रडणार."

"रडेन कदाचित," तो म्हणाला.

बाईंनी आम्हाला जानेवारीत बोलावलं. नुसतं बघायचं नाही, गोळी त्यानेच झाडायची, असं ठरलं. तोवर त्याचा खांदा बराच सुटला होता आणि दोरी तो स्वतः ताणत होता. माझं मूळ काम गेलं होतं, पण मीही आता नेम धरायला लागले होते. तो माझ्याहून चांगला. श्वास सोडून, तो संपल्यावर जी एक रिकामी जागा येते तिथे तो चाप दाबतो. मी ते त्याला न विचारता उचललं, कारण माझा दिवस दुसऱ्यांचे श्वास बघण्यातच जातो.

आदल्या दिवशी आम्ही डोंगराखालच्या गावात बी अँड बीमध्ये उतरलो. सकाळी उजाडायला बराच उशीर. बाई आम्हाला आधी एका जुन्या खाणीत घेऊन गेल्या आणि कागदावर रायफल चालवायला लावली, दोघांनाही. "जो येतो तो आधी इथे दाखवतो," त्या म्हणाल्या. "तू पण दाखव, नुसती बघायला आलीस तरी." क्रॉसबोपेक्षा धक्का फार, पण गालाला लाकूड टेकवणं, खांदा सैल सोडणं, चाप हळू दाबणं, सगळं तेच. माझ्या तिन्ही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या. बाई दुर्बिणीतून बघून "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

मग आठ चाकांच्या एका उघड्या गाडीतून वर, आणि गाडी सोडून चालत. बर्फ फार नव्हतं, पण हेदरच्या झुडपांखाली जमीन फुगलेल्या स्पंजासारखी होती. बाई मधेच थांबून खिशातून वाळलेल्या गवताची चिमूट काढून हवेत सोडायच्या आणि वारा बघायच्या. वारा आपल्याकडून हरणांकडे गेला की संपलं, मग दिवसभर काही दिसत नाही. शेवटचा पट्टा आम्ही पोटावर सरकत गेलो. पुढे त्या, मग नवरा, मग मी. माझ्या बाहीतून पाणी शिरून कोपरापर्यंत आलं होतं. पन्नाशीला आलेल्या दोन मराठी माणसांनी स्कॉटलंडच्या चिखलात असं का सरपटावं, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

एका उंचवट्यामागे बाई थांबल्या. पलीकडच्या उतारावर माद्या चरत होत्या. आपल्या सांबरासारख्या, पण लालसर करड्या. बाईंनी नवऱ्याला रायफलमागे आडवं केलं आणि कुजबुजत सांगितलं, "डावीकडून तिसरी. कान फाटलेली. तिला पाडस नाही. कंबरेची हाडं दिसतायत बघ. म्हातारी आहे, ती वसंत बघणार नाही. आडवी वळली की सांगते."

तो रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावून पडून राहिला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. श्वास संथ होता. मला ठाऊक होतं, त्याचा नेम चुकणार नाही.

मग त्याने लाकडावरून गाल उचलला आणि मान वळवून मराठीत म्हणाला, "तू ये इथे."

"का? काय झालं?"

"काही नाही. मला जमेल. पण मी ते खाणार नाहीये. तू खातेस."

त्यात टोमणा नव्हता. जेवताना "पापड तुझ्याकडे आहेत, इकडे सरकव" म्हणावं, तसा आवाज. बाईंनी भुवई उंचावली. मी हळू आवाजात त्यांना इंग्रजीत सांगितलं.

"त्याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुला नको असेल तर आपण तिघं उठू आणि खाली जाऊन चहा पिऊ. मला काही वाटणार नाही."

मी धुळ्याची. आमच्याकडे रविवारी मटण म्हणजे मटण, त्याला कारण लागत नाही. बाबा सकाळी लवकर सायकलवर डबा अडकवून निघायचे, कारण उशिरा गेलं की चांगला भाग संपतो, आणि मला पुढे दांडीवर बसवून न्यायचे. पण दुकानापाशी पोचलं की मला रस्त्याच्या पलीकडे, दुकानाकडे पाठ करून, सायकल धरून उभं करायचे. "हलू नकोस," म्हणायचे. मी हलायचे नाही. मागून फक्त लाकडावर सुरा पडल्याचा आवाज यायचा. मग डबा परत येऊन हँडलला लागायचा, कोमट. इतकी वर्षं मी खात आले, आणि माझी पाठ कायम त्या दुकानाकडेच होती.

मी सरकत पुढे गेले. नवरा बाजूला झाला. त्याच्या अंगाखालची जागा गरम होती.

काचेतून ती खूप जवळ आली. फाटका कान, ओल्या नाकपुड्या, चघळणारा जबडा. पुढच्या पायामागे कुणी वर्तुळ काढलेलं नव्हतं, पण मला ते दिसत होतं.

"आत्ता नको," बाई कानाशी म्हणाल्या. "थांब. मागे दुसरी आहे. गेली ती. आता वळेल. घाई करू नकोस. हं. तुला वाटेल तेव्हा."

मी श्वास सोडला आणि तो संपल्यावर चाप दाबला.

ती उडी मारून पळाली, उतारावर थोडं अंतर, आणि हेदरमध्ये गुडघ्यावर बसल्यासारखी खाली गेली. बाकीच्या धावल्या, लांब जाऊन थांबल्या आणि वळून बघू लागल्या. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

बाईंनी आम्हाला लगेच उठू दिलं नाही. पडलेल्या जनावराला शांत राहू द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही तिच्यापाशी गेलो, आणि बाईंनी मागच्या बाजूने वाकून काठीचं टोक तिच्या उघड्या डोळ्याला अलगद लावलं. पापणी हलली नाही.

"मी रोज हेच करते," मी म्हणाले. "पेशंटच्या पापणीला बोट लावून बघते. झोपला का म्हणून."

"आणि ते उठतात," बाई म्हणाल्या.

"हो. ते उठतात."

जनावर तिथेच उघडून आतडी काढावी लागतात, नाहीतर मांस खराब होतं. बाईंनी विचारलं, बघणार का? मी म्हणाले, माझं आयुष्य थिएटरमध्ये गेलंय, मी धरते. थंड हवेत आतून वाफा आल्या. मी गुडघ्यावर बसून मागचा पाय धरला आणि आतलं सगळं ओळखत गेले. यकृत, प्लीहा, श्वासाचा पडदा. सगळं आपल्याच जागी, आपल्याच क्रमाने. फुप्फुसं फुटली होती. म्हणजे तिला फार कळलं नसणार. बाईंनी यकृत हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, रोग नव्हता. दात दाखवले, हिरडीपर्यंत झिजलेले.

नवरा आधी थोडा लांब उभा होता. मग आला, हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर तळवा ठेवला.

"गरम आहे अजून," तो म्हणाला.

मी रडेन असं मला वाटलं होतं. नाही रडले. मला भूक लागली होती. दोर बांधून आम्ही तिघांनी तिला ओढत गाडीपर्यंत आणलं. सगळ्यात पुढे तो होता, दोर त्याच्या त्याच उजव्या खांद्यावर. मग बर्फाच्या पाण्यात हात चोळून धुतले, गाडीच्या आडोशाला बसलो आणि त्याने पहाटे उठून केलेले मेथीचे पराठे काढले. बाईंनी एक गार पराठा लोणच्याला लावून खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. समोर उतारावर ऊन आलं होतं. जानेवारीतलं तिथलं ऊन आडवं येतं, सगळ्याच्या सावल्या लांब पडतात. कुणालाच उठायची घाई नव्हती.

मांस आठवडाभर थंड खोलीत टांगून ठेवतात. मग बाईंनी मला मांडीचा एक मोठा तुकडा दिला आणि बजावलं, "याला चरबी नसते. घाई केलीस तर चामडं होईल. मंद आच ठेव." मी म्हणाले, "तुम्ही रविवारी जेवायलाच या."

आमच्या खानदेशी काळ्या मसाल्याला कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर काळं होईपर्यंत भाजावं लागतं. आमच्या फ्लॅटमधला स्मोक अलार्म या गोष्टीच्या विरुद्ध आहे. त्यामुळे घरात ठरलेली पद्धत अशी, की मी भाजते आणि नवरा स्टुलावर उभा राहून किचन टॉवेलने अलार्मला वारा घालतो. त्या दिवशीही तसंच. मग मिक्सर त्याने लावला, लसूण त्याने सोलला. मटणाचं पातेलं उघडलं की मात्र तो दोन पावलं मागे व्हायचा, पूर्वीसारखाच. मी त्याच वाटणातलं अर्धं बाजूला काढून त्याच्यासाठी शेवभाजीचा रस्सा केला. लेस्टरच्या मैत्रिणीने पाठवलेलं ज्वारीचं पीठ होतं, त्याच्या भाकऱ्या थापल्या. मटण सकाळपासून शिजत होतं. दुपारपर्यंत चमचा लावला की सुटत होतं आणि वर लाल तर्री आली होती.

बाई नेटका कोट घालून आल्या, केस विंचरलेले. मी पहिल्यांदाच त्यांना चिखलाशिवाय बघत होते. येताना नवऱ्यासाठी बार्लीचं सूप आणलं होतं. "यात हाडं नाहीत," त्या त्याला म्हणाल्या. "मी दोनदा विचार करून केलंय."

आम्ही जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला. मटण गडद होतं, बोकडापेक्षा थोडं गोडसर, आणि मागून मसाल्याची चव येत होती. मी हळू खाल्लं. एरवी मी मटण हळू खात नाही. नवरा समोर शेवभाजीत भाकरी कुस्करत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता.

"जमलंय," बाई म्हणाल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, पण थांबत नव्हत्या. ताटातलं मटण संपवलं, हाडाभोवतीचंही. मग त्यांनी नवऱ्याच्या वाटीकडे बोट दाखवलं. "ते काय आहे?"

त्याने शेवभाजी वाढली. त्यांनी चव घेतली आणि सगळी संपवली.

"अजून आहे का?"

"मटण वाढू?" मी विचारलं.

"नको. हरीण मी आयुष्यभर खाल्लंय," त्या म्हणाल्या. "हे दे."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने उठून त्यांना अख्खं पातेलंच आणून दिलं आणि शेव शेवटी का घालायची, आधी घातली तर लगदा कसा होतो, हे समजावून सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

जेवणानंतर त्या सोफ्यावर बसल्या आणि बोलता बोलता झोपल्या, बूट काढून, मोज्यांतले पाय रेडिएटरकडे करून. आम्ही भांडी आवाज न करता धुतली. तो पुसत होता.

"कसं झालं होतं?" त्याने विचारलं.

"चांगलं. मीठ थोडं कमी पडलं."

"पुढच्या वर्षी जाशील परत?"

"जाईन. तू येशील?"

"येईन की. पराठे कोण करणार?"

उरलेलं मटण मी दोन डब्यांत भरून फ्रीझरला ठेवलं. मुलगी इस्टरला येणार होती. तिला हवं असेल तर खाईल, आणि कुठून आलं हे विचारलं तर सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. मग मीही बाहेर येऊन खुर्चीत बसले. बाई हलकं घोरत होत्या. नवऱ्याने त्यांच्या अंगावर सोलापुरी चादर घातली आणि पडदा थोडा ओढून घेतला.